लाल अक्षरांना आम्ही का घाबरलो?



शिक्षणाबद्दल आपण खूप बोलतो. जयंतीच्या व्यासपीठावरून बोलतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बोलतो, एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतानाही बोलतो. पण शिकायला बसल्यावर प्रत्यक्षात काय होते, माणूस नेमका कुठे अडतो आणि अडल्यावर उठून का जातो, याबद्दल आपण फार कमी लिहितो. अपयशाची गोष्ट यशस्वी झाल्यावरच सांगायची, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. आम्ही तो मोडतो आहोत. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या विहारात एक छोटी अभ्यासिका आहे. तिथे आम्ही पाच जण जानेवारीपासून पायथन ही संगणकाची भाषा शिकत आहोत, आणि हा लेख लिहीत असताना ती आम्हाला येत नाही. थोडी येते. काय येत नाही ते नेमके सांगता येईल, एवढी येते.

पाच जणांत दोघे बी.ए. झालेले, एक बी.कॉम. झालेली, एक आयटीआयचा फिटर आणि एक बारावीनंतर स्पर्धा परीक्षेच्या मागे लागलेला. घरी संगणक कोणाच्याच नव्हता. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मात्र पाचही जणांच्या फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित आहे. वर्गणी काढून चौदा हजारांचा एक जुना लॅपटॉप घेतला. त्याची बॅटरी पंधरा मिनिटे टिकते, त्यामुळे लाइट गेली की आमचा वर्ग सुटतो. शिकवायला आमच्याच वस्तीतला एक दादा आहे. तो पुण्यात कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी तासभर व्हिडिओ कॉलवर येतो. बाकीचे सहा दिवस आम्ही आणि ते यंत्र.

पहिले दोन दिवस तर भाषेच्या दारापर्यंत पोहोचण्यातच गेले. पायथन उतरवून घेतले, बसवले, काळ्या खिडकीत त्याचे नाव टाइप केले, तर संगणक म्हणे असे काही मला माहीत नाही. पुन्हा बसवले. पुन्हा तेच. रविवारी दादाने सांगितले की बसवताना सगळ्यात पहिल्या पानावर तळाशी एक बारीक चौकट असते, तिच्यावर टिचकी मारायची राहिली. ती चौकट म्हणजे ‘हे यंत्र कुठे ठेवले आहे त्याचा पत्ता सगळ्यांना कळव’ एवढीच सूचना. आम्ही ती पाहिलीच नव्हती. पाहिली असती तरी कळली नसती. घाईघाईने ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जायचे, हे एमएस-सीआयटीने आम्हाला पक्के शिकवले होते.

ही भाषा सापावरून नाव मिळालेली आहे असे आम्ही कितीतरी दिवस समजत होतो. ग्वीडो व्हान रोसम या डच माणसाने ती बनवली, १९९१ साली पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली, आणि नाव घेतले ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. विनोद आम्हाला पुढे तीन आठवडे सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी ‘जय भीम’ पडद्यावर छापून आले. एक ओळ लिहिली, बटण दाबले, आणि खाली आमचेच दोन शब्द उमटले. पाचही जण ओरडलो. बाहेर वाचत बसलेले स्पर्धा परीक्षावाले रागावले. कोणाला हा आनंद बालिश वाटेल, वाटू द्या. संगणक म्हणजे दुसऱ्याच्या दुकानातला, तासाचे पैसे मोजून फॉर्म भरण्यापुरता हात लावायचा, एवढीच ज्यांची ओळख, त्यांनी यंत्राला सांगितले आणि यंत्राने ऐकले, याची किंमत त्यांनाच कळते.

मग आम्ही ठरवले की पुस्तकातले नमुने करत बसायचे नाही, आपले काम घ्यायचे. चौदा एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब. आमचे खजिनदार काकाजी रेल्वेतून निवृत्त झालेले, जाड वहीत तीन रंगांच्या पेनांनी हिशेब लिहितात. तो संगणकावर आणायचा. सोपे वाटले. दोन रकमा विचारायच्या, बेरीज करायची, छापायची. काकाजींना समोर बसवून पहिली रक्कम टाकली पाचशे, दुसरी अडीचशे. संगणकाने उत्तर दिले ५००२५०. पाच लाख दोनशे पन्नास!

काकाजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “एवढी वर्गणी जमली असंन तर विहाराचा दुसरा मजला यंदाच टाकू.”

आज आम्हालाही हसू येते. त्या दिवशी आले नाही. चूक काय होती ते कळायला चार दिवस लागले. पायथनमध्ये माणसाने टाइप केलेले काहीही आधी मजकूर म्हणून आत येते. तुम्ही पाचशे लिहा नाहीतर नागपूर लिहा, त्याला ती अक्षरेच. दोन मजकूर जोडायला सांगितले तर तो एकापुढे एक ठेवतो. ‘ही संख्या समज’ असे वेगळे सांगावे लागते. हे वाक्य वाचायला दहा सेकंद लागतात, आणि आम्हाला चार दिवस लागले. याचे कारण आमची बुद्धी आहे, असे आम्ही त्या चार दिवसांत मनाशी ठरवून टाकले होते. हा लेख त्या निष्कर्षाविरुद्ध आहे.

त्यानंतरच्या चुका सांगत बसलो तर लेख संपणार नाही. एका ओळीच्या आधी चार जागा सोडल्या आणि खालच्या ओळीच्या आधी तीन, म्हणून सगळे बंद. इतर भाषांत कंस असतात, पायथनमध्ये ओळीआधीची मोकळी जागा हेच व्याकरण. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही तिच्यावरून नापास! दादाने सांगितलेला कोड आम्ही वर्डच्या फाइलमध्ये लिहून ठेवला होता. तो तिथून उचलून चिकटवला, तर वर्डने अवतरणचिन्हे सुंदर वाकडी करून ठेवलेली. पायथनला सरळ लागतात. त्या दोन वाकड्या टिंबांपायी एक अख्खी संध्याकाळ गेली. एकदा ‘बरोबर आहे का’ विचारायला दोन बरोबर-चिन्हे लागतात तिथे आम्ही एकच दिले. एकदा यादीतला पहिला माणूस हवा होता आणि दुसराच येत राहिला, कारण इथे मोजणी शून्यापासून सुरू होते. आणि काकाजींनी स्वतः रक्कम टाकली तेव्हा त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने ५००/- असे लिहिले. ती तिरकी रेघ आणि आडवी रेघ पाहून यंत्र कोसळले. गंमत म्हणजे काकाजींनी देवनागरी अंकांत ५०० लिहिले तेव्हा पायथनने ती संख्या मुकाट्याने स्वीकारली. आम्हाला वाटले होते, हेच चालणार नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

चूक झाली की संगणक कधी छोटी चौकट दाखवतो, तर बहुतेक वेळा लाल अक्षरांत चार-पाच ओळी लिहितो. पहिले तीन आठवडे आम्ही त्या ओळी वाचल्या नाहीत. एकदाही नाही. लाल दिसले की खिडकी बंद. किंवा फोनने फोटो काढायचा आणि दादाला पाठवायचा, खाली लिहायचे: ‘दादा, पुन्हा आले.’ काय आले? ते आम्ही पाहिलेच नव्हते. तिसऱ्या रविवारी दादा वैतागला.

“अरे, शेवटची ओळ वाचून दाखव.”

“दादा, इंग्रजीत आहे.”

“मग इंग्रजीत वाच.”

आमच्यातल्या एकाने अडखळत वाचली. त्यात साधे लिहिले होते की ‘वर्गनी’ या नावाचे काही मला माहीत नाही. वरच्या ओळीत कितव्या ओळीत घोटाळा आहे तो आकडाही दिला होता. आम्ही एका जागी ‘वर्गणी’ लिहिले होते आणि दुसऱ्या जागी ‘वर्गनी’. तीन दिवस आम्ही स्वतःला शिव्या देत होतो आणि उत्तर पडद्यावर ओळ क्रमांकासह लिहिलेले होते.

मित्रांनो, प्रश्न असा आहे की पाच शिकलेसवरलेले तरुण समोर लिहिलेले उत्तर वाचत का नाहीत? ‘इंग्रजी कच्ची’ हे उत्तर अर्धे आहे. ते वाक्य सात-आठ शब्दांचे होते, त्याहून अवघड इंग्रजी आम्ही परीक्षेत लिहून आलो आहोत. आम्ही त्या रात्री बराच वेळ बोललो. तेव्हा एकेकाच्या तोंडून शाळा बाहेर आली. लाल पेन बाहेर आले. वही फेकून देणारा हात बाहेर आला. भर वर्गात “स्कॉलरशिपवाले उभे राहा” म्हणणारा आवाज बाहेर आला, आणि गणित चुकल्यावर “तुमच्याकडून हेच होणार” हे वाक्य. ‘तुमच्याकडून’ या शब्दात कोण कोण आहे ते त्या वर्गातल्या प्रत्येकाला कळत होते. शाळा पाच वेगळ्या, वाक्य जवळपास एकच. आम्हाला लाल अक्षरे आजवर एकाच कामासाठी भेटली होती, आमच्याबद्दलचा निकाल सांगायला. निकाल कोण वाचत बसते? निकाल लागला की मान खाली घालून घरी जायचे असते.

आणि नेमका इथे फरक आहे. त्या मास्तरांनी चूक कुठे झाली ते कधीच सांगितले नाही, कोणाची झाली तेवढे सांगितले. हे यंत्र कोणाची झाली ते विचारत नाही, कुठे झाली ते सांगते. त्याची भाषा रुक्ष आहे, कधी कधी ते चुकीच्या ओळीकडेही बोट दाखवते, कारण कंस वरच्या ओळीत उघडा राहिलेला असतो आणि त्याला ते खालच्या ओळीत कळते. पण ते तुमच्या बापाचे नाव काढत नाही.

याचा अर्थ ‘कोडिंगला जात नसते’ असे जे गुळगुळीत वाक्य आपल्याला ऐकवले जाते ते आम्ही मान्य करतो, असा कोणी घेऊ नये. यंत्राला जात नसेल, यंत्रापर्यंत जाणाऱ्या रस्त्याला आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराला २०२३ साली भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घालावा लागला, तो तिथल्या भाजीवाल्यांमुळे नव्हे. मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे ते शहर आहे. हे वाक्य लक्षात असू द्या आणि पुढे चला.

रस्त्याचा हिशेब आम्ही एका कागदावर मांडला. अभ्यासिकेत लॅपटॉप रोज दोन तास मिळतो. माणसे पाच. म्हणजे एकाच्या वाट्याला चोवीस मिनिटे. ज्याच्या घरात दहाव्या वर्षी संगणक होता तो रोज अर्धा तास जरी त्याच्याशी खेळला असेल, तरी विसाव्या वर्षापर्यंत त्याचे अठराशे तास भरतात. त्या अठराशे तासांत त्याच्याही ओळी चुकल्या असतील, त्यालाही लाल अक्षरे दिसली असतील. पण ती घरात दिसली, एकट्याला दिसली, आणि कोणी मोजली नाहीत. तो कॉलेजात येतो तेव्हा आपण म्हणतो, काय डोके आहे! आमचे ते अठराशे तास बावीस-पंचवीसच्या वयात, चार लोकांच्या समोर, चोवीस-चोवीस मिनिटांच्या तुकड्यांत सुरू होतात. या वजाबाकीला ‘मेरिट’ असे भारदस्त नाव आहे.

चुका कोणाच्या होत नाहीत? केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक सुरू झाला. तो बनवणाऱ्या मंडळींचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, एकदा जिन्यावरून जाता जाता त्यांना अचानक उमगले, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. संगणक ज्याने उभा केला त्याची ही गत. दादाने आम्हाला हे सांगितले तेव्हा आम्ही त्याच्यावर चिडलोच, पहिल्या आठवड्यात का नाही सांगितले म्हणून.

त्याने उशिरा सांगितले आणि तोवर आमच्यातला एक गेला होता.

फिटर. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने येणे बंद केले. दिवसा तो डिलिव्हरीचे काम करतो, संध्याकाळी थकून यायचा. त्याची चोवीस मिनिटे सुरू व्हायची आणि बहुतेक वेळा लाल अक्षरांतच संपायची. त्या दिवशी त्याने लॅपटॉप शांतपणे पुढच्याकडे सरकवला आणि म्हणाला, “हे आपलं काम नाही बे. तुम्ही करा.” आम्ही त्याला अडवले नाही. खरे सांगायचे तर आम्हाला थोडे बरेही वाटले, कारण चोवीसची तीस मिनिटे झाली. हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहितो आहोत.

आणि लाज वाटावी असे एवढेच नव्हते. वेळ पाच जणांत सारखा वाटला होता तो कागदावर. प्रत्यक्षात ज्याचे इंग्रजी बरे तो कीबोर्डवर बसायचा, दुसरा शेजारी बसून सांगायचा, बी.कॉम.वाली ताई मागे उभी राहून वहीत उतरवून घ्यायची आणि फिटर सगळ्यात शेवटी. कोणी ठरवले नव्हते. आपोआप तसे झाले होते, आणि उतरंड नेहमी अशीच ‘आपोआप’ होते. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेवर जे लिहिले ते आम्ही अभ्यासवर्गात समजावून सांगतो. आमच्याच एका लॅपटॉपभोवती ती दीड महिन्यात उभी राहिली होती आणि आम्हाला दिसली नाही. ताईनेच एक दिवस वही मिटली. “मी काय तुमची कारकून आहे का?” एवढेच म्हणाली. तेव्हापासून मोबाइलवर गजर लावतो. ज्याची पाळी त्याचाच हात कीबोर्डवर, बाकीच्यांनी हात मागे. बोलायचे, पण हात लावायचा नाही. आणि पहिल्याच आठवड्यात कळले की हिशेब म्हणजे काय हे आमच्यात तिलाच कळते. रक्कम आली, कोणाकडून आली, कोणत्या तारखेला आली, पावती कुठे आहे, हे चार प्रश्न तिने विचारले आणि आमचा अर्धा प्रोग्राम पुन्हा लिहावा लागला.

भाषेचे एक राहिले. मराठीतून प्रोग्राम लिहिता येतो का, असे आम्हाला वस्तीत बरेच जण विचारतात. पायथनमध्ये आपण ठेवतो ती नावे देवनागरीत चालतात. ‘वर्गणी’, ‘एकूण’, ‘शिल्लक’ ही आमच्या प्रोग्राममध्ये तशीच आहेत, आणि त्याने वाचणे खरोखर सोपे होते. पण भाषेचे स्वतःचे राखीव शब्द इंग्रजीच आहेत. ते किती? पस्तीस. फक्त पस्तीस शब्दांची भाषा आहे ही! इंग्रजी येत नाही म्हणून प्रोग्रामिंग येणार नाही, असे कोणी सांगितले तर त्याला हा आकडा सांगा. बाकी अडचणी मराठीच्या बाजूने वेगळ्याच येतात. ‘लक्ष्मी’ या शब्दात आपल्याला अक्षरे दिसतात दोन, पायथन मोजतो सात, कारण प्रत्येक हलन्त आणि मात्रा त्याच्या लेखी वेगळी. त्यामुळे यादी छापताना नावे आणि रकमा एका रेषेत येईनात. हे सुटायचे बाकी आहे.

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः शिकून घेतले आणि त्या भाषेतल्या ग्रंथांची चिरफाड केली. त्यांच्यासमोर दार बंद करून माणसे उभी होती. आमच्यासमोर दार उघडे होते, भाषा फुकट होती, आणि आम्ही उंबऱ्यावर बसून स्वतःच स्वतःला नालायक ठरवत होतो. दार बंद करायला आता माणूस लागत नाही, त्याचे काम आमच्या आतच कोणीतरी करत असते.

मार्चमध्ये आम्ही एक शॉर्टकटही मारून पाहिला. एआयच्या ॲपला सांगितले, वर्गणीच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहून दे. अर्ध्या मिनिटात चाळीस ओळी आल्या आणि त्या चालल्याही. “मग तुम्ही दोन महिने काय झक मारली?” असे वस्तीतल्या एकाने विचारले, आणि आम्हालाही तसेच वाटले. काकाजींनी मात्र पडद्यावरच्या बेरजेवर बोट ठेवले. “हा आकडा कुठून आला?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. “संगणकाने काढला” हे उत्तर खजिनदाराला चालत नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब आहे. जी ओळ आम्हाला समजावून सांगता येत नाही तिच्या भरवशावर वस्तीला पावती देता येत नाही. त्या ॲपला आम्ही आजही लाल ओळीचा अर्थ विचारतो, ते छान सांगते. पण लिहायचे आपल्या हाताने, असे ठरले.

आणि आमच्या हाताने लिहिलेल्या प्रोग्रामनेच आम्हाला सगळ्यात मोठा फटका दिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काकाजींच्या वहीत बेरीज होती १८,४५० आणि आमच्या संगणकावर १८,२५०. दोनशे रुपये कमी. लाल ओळ नाही, चौकट नाही, काही नाही. प्रोग्राम खुशाल चालत होता. तेवढ्यात एक मावशी विहाराच्या पायरीवर येऊन विचारू लागल्या, छापलेल्या यादीत माझे दोनशे कुठे आहेत? त्या चार घरची धुणीभांडी करतात. बारावीवाल्या पोराने त्यांच्याकडून वर्गणी घेतली होती. पायरीवर चार माणसे जमली, आणि ‘दोनशे कोणी खाल्ले’ हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही, पण तो हवेत होता. पोराचा चेहरा रडवेला झाला. मावशीच म्हणाल्या, “लेकरू खोटं नाही बोलत, तुमच्या डब्ब्यात पाहा काय झालं ते.”

रात्री अकरापर्यंत बसलो. आमच्या वस्तीत त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या आणखी एक मावशी आहेत. त्यांनी नंतर शंभर रुपये दिले होते. आम्ही रकमा साठवायला पायथनची डिक्शनरी वापरली होती, तिच्यात नावापुढे रक्कम ठेवायची. तेच नाव पुन्हा आले की डिक्शनरी जुनी रक्कम पुसून नवी ठेवते. चुपचाप. तिच्या दृष्टीने ती चूकच नाही, तुम्ही सांगितले तेच तिने केले. दोन बायकांची तिने एक बाई केली आणि पहिलीचे दोनशे गेले. तीन आठवडे ज्या लाल ओळींना आम्ही घाबरलो त्या किती भल्या होत्या, हे त्या रात्री कळले. त्या निदान ओरडतात.

आता दुरुस्त कसे करायचे? एकाने सुचवले, नावापुढे नवऱ्याचे नाव जोडू. ताईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की सूचना तिथेच मेली. एकाने सुचवले, एक, दोन असे आकडे लावू. मग कोण एक आणि कोण दोन?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पताका लावायला सगळी पोरे जमली होती, फिटरही आला होता. शिडी धरून उभ्या उभ्या त्याने आमचे रडगाणे ऐकले. मग वरूनच म्हणाला, “नावानं काऊन ठेवता बे? कारखान्यात प्रत्येक पार्टला नंबर असते. दोन बोल्ट सारखे दिसते म्हणून एक फेकून देते का कोणी? पावतीवर नंबर नाही का तुमच्या?”

पावतीवर नंबर होता. पहिल्या दिवसापासून, प्रत्येक पावतीवर, कोपऱ्यात लाल शाईने छापलेला.

पावती क्रमांक आधी, मग त्याच्यापुढे नाव आणि रक्कम. चार ओळी बदलल्या. ताईची पाळी होती, तिनेच बदलल्या. बेरीज १८,४५० आली. काकाजींनी वहीशी ताडून पाहिली, तिसऱ्या रंगाच्या पेनाने बरोबरची खूण केली, आणि यंदाची यादी संगणकाची लावा म्हणाले. मावशींना त्यांची ओळ बोट ठेवून दाखवली.

फिटर अजून परत आलेला नाही. रविवारी संध्याकाळी त्याला सुटी असते. त्याची चोवीस मिनिटे आम्ही पुन्हा वेगळी काढून ठेवली आहेत. गजर लागतो, त्या वेळात लॅपटॉपला कोणी हात लावत नाही. बारावीवाला म्हणतो हा वेळ वाया जातो. जाऊ दे.

सध्या आम्ही हिशेब फाइलमध्ये साठवण्यापाशी अडलो आहोत. मराठी नावे फाइलमध्ये लिहायला गेलो की लाल अक्षरांत ‘चारमॅप’ असा काहीतरी शब्द येतो. शेवटची ओळ वाचली आहे. विंडोजने फाइल उघडताना लिपीचा भलताच तक्ता धरला आहे, असे तिचे म्हणणे दिसते. फाइल उघडतानाच योग्य तक्त्याचे नाव द्यावे लागते, असे ताई म्हणते. उद्या साडेसातला तिची पाळी आहे.